जुन्या सेस्नाची नवीन फायरवॉल बसत नाही : पार्ट चुकीचा की विमान वाकडं?

ओहायो_हँगर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दीड वर्षापूर्वी एक सेस्ना १५० घेतलं, १९६६ सालचं एफ मॉडेल. उभी शेपटी मागे झुकलेली असलेलं हे पहिलंच वर्ष. आधीच्या मालकाकडून उतरताना ते नाकावर आपटलं होतं, म्हणून मला परवडलं. प्रॉपेलर जमिनीला लागल्यामुळे इंजिन उघडून तपासावं लागलं आणि फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या, खालच्या भागाला सुरकुत्या पडल्या होत्या. या विमानाच्या नाकाच्या चाकाचा दांडा फायरवॉललाच धरलेला असतो, त्यामुळे आपटलेल्या १५०मध्ये पहिला मार तिलाच बसतो.

काम मी स्वतः करतोय, परवानाधारक मेकॅनिकच्या देखरेखीखाली. जुनी फायरवॉल काढली, नवीन मागवली. पार्ट नंबर बरोबर. कॅटलॉगमधल्या सीरियल नंबरच्या टप्प्यात माझं विमान बसतं. सोबत ८१३०-३ टॅग, म्हणजे अमेरिकेतलं पार्टच्या मंजुरीचं प्रमाणपत्र, सही-शिक्क्यासकट. तरीही इंजिन माउंटच्या (इंजिन धरणाऱ्या सांगाड्याच्या) चार बोल्टांपैकी तीन सरळ गेले आणि चौथं भोक मागच्या फिटिंगच्या भोकापासून जवळपास ३ मिलिमीटर बाजूला.

एवढ्यावर थांबत नाही. समोरची काच नवीन घेतली, तिची वरची कडा छताच्या पट्टीत शिरायला तयार नाही. काउलिंग (इंजिनावरचं झाकण) दुसऱ्या एका मोडीत काढलेल्या १५०वरून आणली, तिचे स्क्रू एका बाजूला जुळतात, दुसऱ्या बाजूला नाहीत. पुरवठादारांची नावं लिहीत नाही, कारण दोष कोणाचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

प्रश्न सरळ आहे. पार्ट परत पाठवू, की भोक मोठं करून बसवू? मेकॅनिक म्हणतो, "आधी माप, मग बोल." पण मापायचं नेमकं काय, कुठून? इथे कोणी अशा कामातून गेलं असेल तर सांगा.

निवृत्त_एएमई

ओहायोकर, पहिली गोष्ट : त्या चौथ्या भोकात रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) घालू नका. आज तरी नाही. ३ मिलिमीटर हे रीमरनं सोडवायचं अंतर नव्हे.

मी आयुष्यभर महाराष्ट्रातल्या फ्लाइंग क्लबांत विमानं दुरुस्त केली. सुरुवात पुष्पकवर झाली. एचएएलनं बनवलेलं दोन सीटचं विमान, १९५८मध्ये पहिल्यांदा उडालं, अमेरिकन एरोन्का चीफवर बेतलेलं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर कापड, पुढे ९० हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल. एका पुष्पकला स्टोअरमधून नवंकोरं फिटिंग मिळालं, ते थोडं आडवं येत होतं. आमच्यातल्या एकानं भोकात टॉमी (लोखंडी दांडी) घालून, ओढून बोल्ट बसवला. कागदोपत्री सगळं ठीक. पुढच्या तपासणीला मी रंग खरवडला तर वेल्डच्या कडेला केसासारखी चीर. बोल्ट तुटला नव्हता, फिटिंगही नाही. पण जमिनीवर उभं असतानाही ती नळी रात्रंदिवस ताण सोसत होती, आणि उडताना येणारा भार त्यावर आणखी चढत होता.

ही चीर मी आजतागायत विसरलेलो नाही. ओढून बसवलेला पार्ट दिसायला बसलेला असतो एवढंच.

आता तुमचं. फायरवॉल काढण्याआधी सांगाड्याची मापं घेतली होती का? कर्ण मोजले होते का? खाली आधार दिला होता का? जुनी फायरवॉल टाकून दिली नाही ना?

ओहायो_हँगर

सर, खरं सांगतो. कर्ण मोजले नव्हते. आधार होता, पण पुढचा भाग मोकळाच होता. जुनी फायरवॉल मात्र जपून ठेवली आहे.

भोसरी_टूलरूम

दादा, मी विमानातला नाही. वीस वर्षं भोसरीत टूलरूममध्ये आहे, ड्रिल जिगा आणि फिक्स्चर, म्हणजे काम करताना भाग नेमक्या जागी धरून ठेवणारे साचे, बनवतो. पण हा प्रश्न माझ्याच धंद्यातला आहे.

१९६६ साली त्या कारखान्यात संगणकावर पत्रा कापणारं मशीन नव्हतं. पत्रे साच्यावर ठोकून-दाबून वळवायचे, जिगमध्ये धरायचे आणि तिथेच जागेवर एकत्र ड्रिल मारायचा. म्हणजे दोन पत्र्यांतली भोकं एकमेकांना जुळतात, कारण ती एकाच वेळी पडली. ड्रॉइंगशी त्यांचा संबंध दूरचा. शेजारच्या जिगमधून निघालेल्या विमानाची भोकं वेगळी असणार. म्हणून मोडीतल्या विमानाची काउलिंग तुमच्या विमानाला बसत नाही. ती दुसऱ्याच्या अंगाला बेतून शिवलेली आहे.

आता एक सोपी तपासणी सांगतो. इंजिन माउंट म्हणजे वेल्ड केलेला नळ्यांचा सांगाडा ना? तो आणि नवीन फायरवॉल, दोन्ही विमानापासून लांब, सपाट टेबलावर घ्या. चारही बोल्ट नुसत्या बोटांनी जातात का पाहा. गेले तर फायरवॉल बरोबर आहे आणि तुमचं विमान वाकडं आहे. नाही गेले तर माउंट आणि फायरवॉल यांच्यापैकी एक खोटं बोलतंय, मग माउंट फिक्स्चरवर लावून बघावा लागेल. तीन गोष्टींत भांडण असेल तर दोघींना एका खोलीत बसवायचं, तिसरी आपोआप कळते.

बेळगावकरीण

भोसरीच्या दादांच्या म्हणण्याला जोड देते. मी बेळगावला विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. नवीन भागाचा पहिला नमुना निघाला की ड्रॉइंगवरचं एकेक माप मशीनवर तपासून फाइल करायची, हे माझं रोजचं काम.

बाहेरच्या लोकांना एक गोष्ट पटत नाही : पार्ट तपासणीत शंभर टक्के पास होऊनही जागेवर बसत नाही, असं होऊ शकतं आणि त्यात कोणीच लबाडी केलेली नसते. उदाहरण घ्या. समजा पत्र्याच्या कामाला अधिक-उणे ०.०३० इंचाची सूट दिली आहे, म्हणजे तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). आता एकाला एक लागून चार भाग आहेत आणि प्रत्येकजण आपल्या सुटीच्या एकाच टोकाला आहे. चार तिसा एकशे वीस थाऊ. भोसरीवाल्यांच्या भाषेत जवळपास एक सूत, कारण सूत म्हणजे १२५ थाऊ. ओहायोच्या दादांचे ३ मिलिमीटर म्हणजे ११८ थाऊ. सगळे भाग पास, आणि बोल्ट जात नाही!

प्रत्यक्षात सगळे एकाच टोकाला जाणं विरळा. म्हणून मला वाटतं तुमच्या ३ मिलिमीटरमध्ये सुटीचा वाटा थोडा असेल आणि अपघाताचा जास्त.

आणि त्या टॅगबद्दल. ८१३०-३ सांगतो की हा भाग मंजूर डिझाइनप्रमाणे, मंजूर व्यवस्थेत बनला आहे. तो तुमच्या विमानाला बसेल असं तो सांगत नाही. तुमचं विमान त्या माणसानं पाहिलेलंच नाही. बसवल्यावर विमान उडण्यालायक आहे हे ठरवणारी सही बसवणाऱ्याची असते. आमच्याकडे सीए फॉर्म १ असतो, युरोपात ईएएसए फॉर्म १, अर्थ तोच.

नवशिका_पुणे

खूप शिकायला मिळतंय. मी हडपसरला ग्लायडर उडवतो, दुरुस्तीतलं काही कळत नाही. एक शंका. मग आताच्या किटच्या विमानांत हा त्रास नसेल ना? त्यांची भोकं तर मशीनवरच पाडलेली येतात.

आरव्ही_सात_पर्थ

नवशिका, याचं उत्तर मी देतो, कारण आठ वर्षं घालवून मी असं विमान गॅरेजमध्ये बांधलं आहे. व्हॅन्स एअरक्राफ्टचं आरव्ही-७. पंचवर पाडलेली भोकं इतकी जुळतात की पत्रा ठेवला, क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना) लावले आणि आरपार प्रकाश दिसला. जुन्या सेस्नावाल्यांना हेवा वाटेल.

पण २०२३ साली काय झालं ते ऐका. मागणी प्रचंड वाढली होती, पंचची क्षमता पुरेना, म्हणून कंपनीनं काही भाग बाहेरून लेझरनं कापून घेतले. भोकं जागच्या जागी, मापाला अचूक. पण लेझर भोक कापायला जिथे सुरुवात करतो आणि जिथे संपवतो तिथे कडेला बारीक खाच राहते. चपट्या डोक्याच्या रिव्हेटसाठी भोकाची कड खळगीसारखी दाबावी लागते, तेव्हा ती कड ताणली जाते आणि त्या खाचेतून चिरा निघू लागल्या. हजाराहून जास्त लोकांच्या गॅरेजमध्ये असे भाग पोचले होते, काहींच्या पंखांत बसूनही गेले होते. डिसेंबर २०२३मध्ये कंपनीला न्यायालयात दिवाळखोरीचं संरक्षण मागावं लागलं, २०२४मध्ये ती त्यातून बाहेर आली.

माझं किट त्याच्या कितीतरी आधीचं, म्हणून मी वाचलो. पण एक मित्र रात्री भिंग घेऊन एकेका रिबेचं प्रत्येक भोक तपासत बसायचा, ते मी पाहिलंय. जागा बरोबर, माप बरोबर, आणि तरी भोक वाईट. तेव्हापासून मी नवीन भाग आला की भोकाच्या कडेवरून आधी नख फिरवतो, मग व्हर्नियर काढतो.

निवृत्त_एएमई

हे तुम्ही फार महत्त्वाचं सांगितलंत. बसणं आणि टिकणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. इंजिनांतही हेच. २०१७मध्ये लायकमिंग इंजिनांच्या काही कनेक्टिंग रॉडच्या लहान टोकाच्या बुशांवर (भोकात दाबून बसवायच्या धातूच्या नळ्यांवर) एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामकाचा, आदेश निघाला होता. नवे, कंपनीचेच बुश. बसलेले दिसत, पण पकड कमी, चालताना सरकू शकणारे. ते दाबून पाहायला खास हत्यार दिलं होतं. डोळ्यांना त्यात काही दिसलं नसतं.

नवशिका_पुणे

अजून एक विचारतो, राग मानू नका. पार्ट मिळत नसेल किंवा बसत नसेल तर स्वतः बनवला तर चालतो का? आणि बोल्ट तर हार्डवेअरच्या दुकानातही त्याच मापाचे मिळतात.

टेक्सास_मेकॅनिक

राग कसला, हे प्रश्न हँगरमध्ये रोज येतात. मी इथला परवानाधारक मेकॅनिक, मूळचा सांगलीचा.

अमेरिकेत मालकाला आपल्याच विमानासाठी पार्ट बनवता येतो. नियम २१.९मध्ये तशी सोय आहे. त्यासाठी मालकानं स्वतः पत्रा कापलाच पाहिजे असं नाही. पण डिझाइनची माहिती देणं, माल ठरवणं, पद्धत ठरवणं, दर्जावर लक्ष ठेवणं, अशा कशात तरी त्याचा खरा सहभाग हवा. आणि पार्ट मूळ डिझाइनप्रमाणेच हवा. इथेच लोक घसरतात. जुना कोन (एल आकाराची पट्टी) २०२४-टी३ या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता आणि नवा ६०६१ या दुसऱ्या मिश्रधातूचा बनवला, तर रंग दिल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ताकद सारखी नाही. उलट टी३ पत्रा ६०६१सारखा बारीक त्रिज्येत वाकवलात तर वाकाच्या बाहेरच्या बाजूला तो तडकतो. भारतात नियम वेगळे आहेत, तिथे डीजीसीएच्या चौकटीबाहेर जाऊ नका.

बोल्ट. विमानासाठीच्या एएन मानकाच्या बोल्टच्या डोक्यावर फुली किंवा चांदणीसारखी खूण असते, कॅडमियमचा मुलामा असतो. दुकानातल्या ग्रेड ५च्या डोक्यावर तीन रेघा असतात. ओढून तोडायची ताकद जवळजवळ सारखी, म्हणून लोक फसतात. पण एएनमध्ये लांबीचा हिशेब वेगळा आहे. आटे नसलेला गुळगुळीत भाग पत्र्यांच्या जाडीइतका निवडायचा असतो, म्हणजे आटे भोकाच्या आत घासत नाहीत. दुकानातल्या बोल्टचे आटे भोकात येतात आणि करवतीसारखे कापत राहतात. १९८९मध्ये नॉर्वेहून हॅम्बुर्गला जाणाऱ्या एका कॉन्व्हेअर विमानातले सर्व ५५ जण गेले. शेपटीचा खांब धरणाऱ्या बोल्टांत बनावट माल होता. विमान मोठं होतं, पण बोल्ट असा मुठीत मावणाराच.

ओहायोकर, तुमच्या काचेबद्दल. अॅक्रिलिक गरम झालं की अॅल्युमिनियमच्या साधारण तिप्पट पसरतं. एक मीटर काच ३० अंशांनी तापली तर सुमारे २ मिलिमीटर वाढते, चौकट फक्त ०.७. म्हणून काच पट्टीत घट्ट बसली तर आनंद मानू नका. कडेला जागा आणि स्क्रूंची भोकं स्क्रूपेक्षा मोठी हवीतच. बाजारातल्या काचा कडेनं मुद्दाम मोठ्या येतात, घासून कमी करायच्या असतात. पण कडा घासूनही वाकच जुळत नसेल तर ती दाबून बसवू नका, परत करा. दाबलेली काच उन्हाळा काढते आणि पहिल्या थंडीत तडकते.

भोसरी_टूलरूम

पत्र्यालाही उष्णता विसरू नका. दीड मीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा उन्हातल्या गाडीतून काढून थंड सांगाड्यावर ठेवला, वीस अंशांचा फरक असेल तर ०.७ मिलिमीटरचा फरक फुकट पडतो. रात्रभर दोघांना एका छपराखाली ठेवा, सकाळी ड्रिल मारा.

ओहायो_हँगर

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलो.

भोसरीच्या दादांची तपासणी पहिल्याच संध्याकाळी केली. माउंट एका कार्यशाळेतून फिक्स्चरवर तपासून आलेलाच होता. टेबलावर माउंट आणि नवीन फायरवॉल एकमेकांना लावले आणि चारही बोल्ट बोटांनी आत गेले. चारही! मी बराच वेळ तसाच उभा होतो. पुरवठादाराला तक्रारीचं पत्र लिहून ठेवलं होतं, ते पुसून टाकलं.

मग सरांनी विचारलेलं केलं. विमान स्टँडवर घेतलं, लेव्हल केलं, फिटिंगांपासून ओळंबे सोडले, जमिनीवर खडूनं खुणा केल्या आणि कर्ण मोजले. दोन कर्णांत पाच मिलिमीटरचा फरक. डावीकडचं खालचं फिटिंग मागे आणि वर ढकललं गेलंय. त्याच्या मागचा उभा कोन दबलेला होता, रंगाच्या आणि इन्सुलेशनच्या आड, जुन्या फायरवॉलच्या सुरकुत्यांच्या नेमका रेषेत. आणि त्याहून मागे, डाव्या बाजूला, एक ठिगळ सापडलं. कारखान्याच्या रिव्हेटांपेक्षा वेगळ्या अंतराचे रिव्हेट. लॉगबुकात त्या वर्षी एकच ओळ : "आवश्यक ती दुरुस्ती केली." म्हणजे हे विमान आधीही एकदा आपटलं होतं आणि तेव्हा ते वाकडंच रिव्हेट केलं गेलं.

मी जर भोक मोठं केलं असतं तर इंजिन तिरकं बसलं असतं आणि तो वाकडा कोन नव्या फायरवॉलच्या मागे कायमचा झाकला गेला असता.

निवृत्त_एएमई

ठिगळाचे रिव्हेट काढताना जपा. जुन्या भोकांत ड्रिल सरकला की इंग्रजी आठ (8) आकड्यासारखं भोक होतं. मोठा रिव्हेट घालायचा मोह होईल. ३/३२चा १/८ झाला की मध्यापासून कडेपर्यंत किमान दुप्पट व्यास, म्हणजे पाव इंच हवं. आधीच्या माणसानं तेवढी कड ठेवली आहे का ते आधी पाहा. नसेल तर ते ठिगळ पूर्ण काढून मोठं घ्यावं लागेल.

ओहायो_हँगर

नव्हती सर. दोन ठिकाणी कड पाव इंचापेक्षा कमी भरली, एका ठिकाणी भोक आधीच आठ आकड्याचं. ठिगळ पूर्ण निघालं. नवा पत्रा २०२४-टी३, भोकं न पाडलेलाच मागवला. जुन्या पत्र्याला साचा म्हणून वापरणार होतो, मेकॅनिकनं थांबवलं. जुना पत्रा आपटताना ताणला गेलाय, त्याची भोकं आता कोणाचीच नाहीत, म्हणाला. म्हणून पारदर्शक फिल्म सांगाड्यावर पसरून रिबांच्या भोकांच्या खुणा तिच्यावर घेतल्या, मग त्या पत्र्यावर उतरवल्या. मधून सुरुवात, बाहेरच्या दिशेनं, दर दहाव्या भोकाला क्लेको.

त्याआधी माउंटलाच जिग केलं. माउंट आणि नवी फायरवॉल एकत्र बोल्ट करून लेव्हलवर अडकवली, दबलेला कोन काढून नवा लावला आणि फिटिंग त्याच्या जागी येऊ दिलं. काच परत गेली, दुसरी आली, तिचा वाक बरोबर आहे. काउलिंगची एक बाजू नव्या पट्टीवर पुन्हा ड्रिल करतोय. ती मूळची माझ्या विमानाची नाही, तिला वेळ लागणारच.

बेळगावकरीण

दादा, एक विनंती. लॉगबुकात "आवश्यक ती दुरुस्ती केली" असं लिहू नका. कर्णांची आधीची आणि नंतरची मापं, कोन, पत्र्याचा माल, रिव्हेटचं माप, सगळं लिहा. साठ वर्षांनी कुणीतरी तुमच्याच जागी उभा असेल.

ओहायो_हँगर

लिहिलंय ताई. दीड पान झालं, सोबत आकृतीही चिकटवली आहे. काल रात्री मेकॅनिकच्या समोर चारही बोल्ट घातले. चौथा मी बोटानं ढकलला, शेवटचा अर्धा इंच तो स्वतःच आत गेला. आता कर्णांत एक मिलिमीटरहून कमी फरक आहे. शनिवारी रिव्हेटिंग सुरू करतोय.

भोसरी_टूलरूम

दादा, रिव्हेटिंग झाल्यावर कर्ण पुन्हा मोजा. रिव्हेट ठोकताना पत्रा थोडा सरकतो. आणि माउंट तोपर्यंत काढू नका.